वर्गाबाहेरचं इंग्रजी

निशिकासाई, टोकियो
रविवार

अनेक आशीर्वाद.

"ताई, मुलांकडून 'हाऊ आर यू' म्हणवून घेऊन घसा बसला, आता शिकवणं सोडून काहीही चालेल," असं लिहिलंयस. त्यातलं 'काहीही' आधी खोड. ते ऐकून इथला मुलाखत घेणारा छान मान डोलावतो आणि आठवड्याभरात नकाराची मेल पाठवतो.

मी 2013 साली तेच केलं. रिरेकिशो, म्हणजे इथला बायोडाट्याचा छापील फॉर्म, रात्रभर बसून हाताने लिहिला. तीन बाय चार सेंटिमीटरचा फोटो, मागे नाव लिहून, नीट चिकटवला. पण शिक्षणाची वर्षं इसवी सनात लिहिली आणि नोकरीची हेइसेइमध्ये, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजायच्या जपानी वर्षांत. समोरचे गृहस्थ काही बोलले नाहीत. पेन्सिल घेऊन माझ्या 22 खाली 1988 मांडले, बेरीज केली, 2010. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "इंग्रजी येतं, उत्तम. पण आमच्याकडे तुम्ही करणार काय?" मला उत्तर देता आलं नाही. वर्षांचा घोळ त्यांनी मनावरही घेतला नसेल. नोकरी गेली ती त्या प्रश्नावर.

तुझ्याकडे उत्तर आहे, तू ते लपवून ठेवलंयस. बी.कॉम. बायोडाट्यात एका ओळीत उरकलंस! टोकियो शेअर बाजाराने एप्रिल 2025 पासून प्राइम या सर्वांत वरच्या विभागातल्या कंपन्यांना आर्थिक निकाल आणि तातडीच्या घोषणा जपानीबरोबरच इंग्रजीतही देणं बंधनकारक केलंय. भाषांतर यंत्र करतं, एजन्सी करते. पण 'तरतूद' आणि 'राखीव निधी' यांची गल्लत झालीय हे ताळेबंद वाचता येणाऱ्यालाच दिसतं. कंपन्यांचे गुंतवणूकदार-संपर्क विभाग, भाषांतर एजन्सींतलं तपासनिसाचं काम, परदेशी कंपन्यांच्या इथल्या शाखांचे हिशेब विभाग, हे तुझं शिवार. तिथे इंग्रजी दुसऱ्या क्रमांकावर येतं आणि म्हणूनच त्याला पैसे मिळतात.

रिक्रूटमेंट कंपन्या जपानी कमी असलं तरी घेतात, पण ते टार्गेटचं काम आहे. तुझा स्वभाव पाहता मी सुचवणार नाही. निसेको-हाकुबासारख्या बर्फातल्या पर्यटनस्थळांच्या हॉटेलांत फ्रंट डेस्कला माणसं लागतात. खोल्या झाडायला लावणार नाहीत ना, एवढं करारात बघ, तुला मिळेल त्या व्हिसावर ते काम बसत नाही. आणि सॉफ्टवेअरवाल्यांशी तुलना करू नकोस. राकुतेनसारख्या कंपनीने 2012 पासून कामकाजाची भाषाच इंग्रजी केली. आमच्या निशिकासाईतली बरीच भारतीय बिऱ्हाडं त्याच धंद्यातली, जपानी कामापुरतं येऊनही त्यांचं निभतं. तुझं जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-थ्री पातळीवर निभणार नाही. त्याच्या वरची एन-टू हवी. परीक्षा जुलै आणि डिसेंबरात असते आणि फॉर्म काही महिने आधीच भरावा लागतो, तेव्हा आजच तारखा बघ.

आता व्हिसाचं. तुझी ती मैत्रीण संभाषण-क्लासमध्ये शिकवत होती आणि सरळ भाषांतराच्या नोकरीत गेली, म्हणून मलाही जमेल, असं तू धरून चाललीयस. तिच्या निवास-कार्डावर व्हिसाचा दर्जा बहुतेक 'गिजिंकोकु' असणार, म्हणजे तंत्रज्ञान-मानव्यविद्या-आंतरराष्ट्रीय सेवा. त्यात शिकवणंही बसतं, भाषांतरही. तिला नोकरी बदलल्यावर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवलं की झालं. तू सरकारी शाळेत आहेस, तुझ्या कार्डावर 'क्योइकु', म्हणजे शिक्षण, असेल. त्यावर कंपनीत एक दिवसही काम करता येत नाही. आधी नोकरी पक्की, मग कंपनीच्या कागदांसह दर्जाबदलाचा अर्ज, मग एक-दोन महिने वाट, मग कामावर. मार्चला करार संपतो म्हणतेस, तर शोध दिवाळीच्या आत सुरू व्हायला हवा. आणि रागाच्या भरात आधीच राजीनामा देऊ नकोस. योग्य कारणाशिवाय तीन महिने त्या दर्जाचं काम न करता राहिलं तर तो दर्जा रद्द होऊ शकतो.

पगाराचा आकडा बघून हुरळू नकोस. अडीच लाख येनच्या खाली बारीक अक्षरांत 'कोतेइ झांग्यो' असेल, तर महिन्याचे ठरावीक तास ओव्हरटाइम त्यातच धरलाय. कधी 20 तास, कधी 45. वजा करून मूळ पगार काढ. विचारायला लाजू नकोस. ते आकडे जाहिरातीत लिहायचे असतात, त्यांनी वेगळे दाखवले नसतील तर मला ती जाहिरात पाठव.

रिरेकिशोत शेवटी 'स्वतःच्या अपेक्षा' असा रकाना असतो. तिथे अपेक्षा लिहायच्या नसतात, 'आपल्या नियमांप्रमाणे' असं लिहायचं असतं. मला अजून हसू येतं त्याचं.

आज एवढंच कर. कार्डाच्या दर्शनी बाजूला दर्जाच्या रकान्यात नेमकं काय छापलंय ते बघून कळव. क्योइकु असेल तर पुढच्या रविवारी कागद घेऊन इकडेच ये, जेवायलाच ये.

तुझी,
ताई