एकाकी, परात्म की तिऱ्हाईत?

प्रश्न असा आला आहे: चित्रपट मंडळात तैवानमधले दिग्दर्शक त्साय मिंग-ल्यांग यांचा ‘व्हिव्ह लामूर’ (१९९४) दाखवायचा आहे. परिचयाच्या टिपणात ‘एकाकी तरुणांचा सिनेमा’ असं लिहिलं होतं, ते एका सभासदाने खोडून ‘परात्म तरुणांचा’ केलं. बरोबर काय? शिवाय असा सिनेमा ‘उदास’ म्हणायचा की ‘भकास’?

‘एकाकी’ चूक नाही, तोकडा आहे. एकाकी माणसाला सोबत नसते. कुणी आलं-गेलं की त्याचं एकाकीपण निदान तेवढ्यापुरतं तरी सरतं. इथे सोबतीची कमतरता नाहीच. तैपेईतला विक्रीला काढलेला रिकामा फ्लॅट. इस्टेट एजंट मे लिन तिथे आ-रोंगला घेऊन येते. हा रात्री फुटपाथवर बायकांचे कपडे विकणारा. आणि दाराला विसरून राहिलेली किल्ली लांबवून श्याओ-कांग आधीच आत शिरलेला. एका प्रसंगात पलंगावर मे लिन आणि आ-रोंग, आणि पलंगाखाली श्याओ-कांग. हाताच्या अंतरावर माणसं आहेत, त्यांचं एकमेकांशी काही नातं मात्र लागत नाही. ‘एकलकोंडा’ तर नकोच. त्यात घरच्यांची तक्रार ऐकू येते, दोष पोराच्या स्वभावाला लागतो आणि शहर नामानिराळं राहतं.

‘परात्म’ (इंग्रजीत ‘एलिएनेटेड’) हा समीक्षेतला शब्द, मार्क्सवादी आणि अस्तित्ववादी चर्चेत रुळलेला. मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांतला कामगार आपणच घडवलेल्या वस्तूला परका होतो, तो अर्थ यात येतो. या सिनेमाला तो लागूही पडतो: मे लिन दिवसभर लोकांना घरं दाखवते आणि दुसऱ्यांच्या रिकाम्या घरांत पाठ टेकते, श्याओ-कांग अस्थिकलश ठेवायचे कोनाडे विकतो. तेव्हा खोडणाऱ्याला अर्थ कळलाय, यात वाद नाही. अडचण कानाची आहे. ‘परात्म’ वाचून निम्म्या सभासदांना परमात्मा आठवेल.

माझं मत ‘तिऱ्हाईत’ला. मुळात तिऱ्हाईत म्हणजे तिसरा माणूस, दोन पक्षांच्या व्यवहारात ज्याचं काही अडकलेलं नाही असा. ‘घरात तिऱ्हाईतासारखा वागतो’ हे आपण रोज म्हणतो, आणि ते उठून-बसून घरातच असणाऱ्याबद्दल म्हणतो, गाव सोडून गेलेल्याबद्दल नाही. त्या फ्लॅटमध्ये तर तिघंही एकमेकांना तिऱ्हाईत. भाववाचक नाम हवंच असेल तर ‘तिऱ्हाईतपण’ करा. जरा ओबडधोबड आहे, पण चालेल. ‘तुटलेपण’ही वाईट नाही, फक्त तुटायला आधी जोडलेलं असावं लागतं.

आता उदास-भकास. उदास माणूस असतो, भकास जागा असते: माळ, ओसाड वाडा, सामान हलवल्यावरच्या भिंती. सिनेमाच्या शेवटी मे लिन दाआन फॉरेस्ट पार्कमधल्या बाकावर बसून पाच-सहा मिनिटं रडत राहते. मध्येच सिगरेट पेटवते, पुन्हा रडते. पार्क तेव्हा अर्धवट, सगळीकडे उकरलेली माती. बाई उदास, पार्क भकास. दोन्ही शब्द लिहा, आपापल्या जागी.

टिपणाची पहिली ओळ ‘आपल्याच शहरात तिऱ्हाईत झालेल्या तरुणांचा सिनेमा’ अशी करता येईल. ‘परात्मता’ पुढच्या परिच्छेदात, कोनाड्यांच्या धंद्याशेजारी येऊ द्या, म्हणजे खोडणारे सभासदही रुसणार नाहीत. आणि ‘संथ’ हा शब्द अजिबात गाळू नका. सिनेमात संगीत नाही, संवाद जेमतेम, तेव्हा येणाऱ्यांना आधी कळलेलं बरं.