बुडापेस्टच्या गरम कुंडात डिसेंबरात उतरावं का?

प्रश्न : मुलगी नोकरीमुळे बुडापेस्टला असते, आम्ही दोघं डिसेंबरात जातोय. ती म्हणते सेचेनी बाथला न्यायचंच. एवढ्या थंडीत उघड्यावर पाण्यात? आणि ते पाणी वज्रेश्वरीसारखं जमिनीतलं की बॉयलरचं? ह्यांचे गुडघे दुखतात, फरक पडेल का? मी पंजाबी ड्रेसवर उतरले तर चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, ड्रेसचं आधी सांगते, नाही चालणार. स्विमिंग कॉस्च्यूमच लागतो, पण लाजू नका, तिथल्या सत्तरीच्या आज्या बिनधास्त वावरत असतात आणि कुणी ढुंकूनही बघत नाही.

बॉयलरचं म्हणाल तर उलटंच आहे, पाणी गार करून घ्यावं लागतं. विल्मोश झिग्मोंदी नावाच्या इंजिनिअरने 1868 ते 1878, म्हणजे तब्बल दहा वर्षं, आज हीरोज स्क्वेअर हा चौक आहे त्या जागी बोअर खणला, 970 मीटर खाली गेल्यावर 74 डिग्रीचं पाणी लागलं. (आपल्याकडे तीनशे फुटांवर माणूस नाद सोडतो!) सेचेनी बाथची ती पिवळी, महालासारखी इमारत 1913 ची, बाहेरचे पाण्याचे मोठे पूल 1927 ला झाले, मग पाणी पुरेना म्हणून 1938 ला दुसरा बोअर, 1256 मीटर, 77 डिग्री.

आता थंडी. खरं तर डिसेंबरच बेस्ट, बाहेरचा गरम पूल साधारण 38 डिग्रीला असतो आणि वाफ इतकी की समोरची इमारत धड दिसत नाही, त्यात छातीभर पाण्यात उभे राहून आजोबा लोक तासन् तास बुद्धिबळ खेळतात. हाल होतात ते फक्त चेंजिंग रूमपासून पुलापर्यंतच्या त्या दोन मिनिटांत, तेव्हा बाथरोब आणि रबरी चप्पल न्याच.

गुडघ्यांना बरं वाटेल, पाण्यात अंगाचा भार कमी होतो, उष्णतेने आखडलेलं मोकळं होतं. तिकडे डॉक्टर असं स्नान चक्क प्रिस्क्रिप्शनवर लिहून देतात. पण झिजलेली कूर्चा काही परत येत नाही, ती आशा नको. एका वेळी वीसेक मिनिटं पुरे, मग बाहेर येऊन पाणी प्या, आणि ह्यांना बीपी किंवा हार्टचं काही असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

जायला 1896 ची जुनी मेट्रो, एम वन, अगदी दारात सोडते. पोहायच्या वेगळ्या पुलात उतरणार असाल तर टोपी लागते, ती इथूनच घेऊन जा.