दौऱ्यावर निघालेले गळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात मी वृंदगानाच्या दौऱ्यांविषयी लिहिले आणि त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. आमचा संच नाशिकचा. बारा गायक-गायिका आणि चार वादक अशी सोळा माणसे वर्षातून साधारण चाळीस दिवस बाहेरगावी असतात आणि उरलेले दिवस आपापली नोकरी, शिकवण्या, संसार सांभाळतात. या अनुभवातून जे ठामपणे सांगता येईल, तेवढेच पुढे सांगितले आहे.

प्रश्न : ताई, माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीची एका वृंदगान संचात निवड झाली आहे. फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत तिला वारंवार बाहेरगावी जावे लागेल. घरातील ज्येष्ठांना हे पसंत नाही. दौऱ्यावरचा दिवस नेमका जातो कसा? (एक आई, सिन्नर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, म्हणून आधी दिवसाचेच सांगते. आपण लिहिलेला काळ हा आमच्या हंगामाचा काळ होय. २७ फेब्रुवारी म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिन, मराठी भाषा गौरव दिन. तेथून १ मेच्या महाराष्ट्र दिनापर्यंत मराठी गाण्यांच्या कार्यक्रमांना सर्वत्र मागणी असते. समजा, संध्याकाळचा कार्यक्रम पुण्यात आहे. अंतर सुमारे २१० किलोमीटर, पण चाकणची वाहतूक धरून सहा तास हाताशी ठेवावे लागतात, त्यामुळे बस सकाळी सातला नाशिकहून निघते आणि आपल्या सिन्नरवरूनच पुढे संगमनेरकडे जाते. आमच्या बसमध्ये पहिल्या रांगेतील खिडकीजवळची जागा तंबोऱ्याची असते. तो गोधडीत गुंडाळलेला, भोपळा आसनावर आणि दांडी तिरकी टेकवलेली. शेजारी बसणाऱ्याचा हात प्रत्येक गतिरोधकावर आपोआप त्या भोपळ्यावर जातो. दुपारी एकच्या सुमारास पोहोचल्यावर जेवण आणि मग दीड तासाची झोप, जी आमच्याकडे ऐच्छिक नाही. चार वाजता रंगमंचावर साउंड चेक होतो, त्यात प्रत्येकाला स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज मॉनिटरमधून पुरेसा ऐकू येतो की नाही हे पाहिले जाते, कारण शेजारी ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडून गातो. पाचला ओंकार आणि हलके पलटे, साडेसहाला कार्यक्रम, नऊच्या सुमारास सांगता, मग साहित्य आवरणे, जेवण आणि मुक्काम किंवा परतीचा प्रवास.

म्हणजे सोळा तासांच्या दिवसात मुलगी फार तर तीन तास गाते. उरलेले तेरा तास गळा जपण्यात जातात आणि नव्याने आलेल्या मुलांना हेच सर्वांत जड जाते. त्यांना रियाजाची सवय असते, गप्प राहण्याची नसते. सतारवादक कार्यक्रम संपला की सतार खोळीत घालून ठेवतो. गळा तसा बाजूला ठेवता येत नाही. तो बोलतो, जेवतो, प्रवासात धूळ खातो, भांडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याकडूनच तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, हवा असतो. म्हणून दौऱ्याचे नियोजन हे माझ्या मते गाण्याचे नियोजन नसून न गाण्याच्या तासांचे नियोजन आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरांत मी याच मुद्द्याकडे परत येणार आहे.

घरातील ज्येष्ठांना पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण करून द्यावी. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पंडितजी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या नाशिकला, पंचवटीत राहिले. गाणाऱ्या माणसाकडे पाहण्याची समाजाची नजर बदलावी, संगीत प्रतिष्ठित घरांत शिरावे, यासाठी त्यांनी जन्मभर कष्ट केले आणि गावोगाव प्रवास केला. आज सिन्नरची मुलगी संचाबरोबर राज्यभर गाऊ शकते, यामागे त्यांचेही श्रम आहेत.

तरीही संचालकांना काही गोष्टी थेट विचाराव्यात आणि त्यात संकोच करू नये. मुलींच्या खोल्या वेगळ्या असतात का, त्यांच्यासोबत एखादी वडीलधारी गायिका मुक्कामाला असते का, आणि रात्री दोन वाजता बस परतल्यावर मुली घरी कशा पोहोचतात? द्वारका चौकात उतरवून दिले की संचाची जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या संचात मी माझी मुलगी पाठवणार नाही. आणखी एक : महाविद्यालयीन परीक्षाही याच काळात येतात. परीक्षेचे वेळापत्रक हाती आले की ते त्याच दिवशी संचालकांकडे द्यावे, म्हणजे तिच्या जागी दुसरा आवाज बसवायला वेळ मिळतो.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करतो आणि सुट्या काढून संचाबरोबर जातो. दौऱ्याच्या तिसऱ्या दिवशी माझा आवाज हमखास बसतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, मधाचे पाणी, सर्व करून झाले. (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर : आपण जे काही चघळता किंवा पिता, ते स्वररज्जूंना, म्हणजे ज्यांच्या कंपनातून आवाज निघतो त्या घशातील पडद्यांना, स्पर्शच करीत नाही, ते अन्ननलिकेने खाली जाते. ज्येष्ठमधाने घशाला बरे वाटते, लाळ सुटते, गिळताना खवखव कमी होते, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग मी मानते. मात्र बसलेला आवाज त्याने उठत नाही. आधी कारण शोधायला हवे, आणि आपल्या पत्रातच ते आहे : ‘बसमध्ये आमच्या अंताक्षरीला तोड नसते,’ असे आपण लिहिले आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. संच नवा असताना प्रवासातला वेळ वाया जाऊ नये म्हणून मी बसमध्ये सराव घेत असे. एकदा कोल्हापूरच्या वाटेवर जवळजवळ तीन तास आम्ही दोन नवी गाणी घोटली. इंजिनाच्या घरघरीवर आपला आवाज पोहोचावा म्हणून प्रत्येक जण नेहमीपेक्षा मोठ्याने गात होता आणि कोणालाही ते जाणवत नव्हते. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. संध्याकाळी पहिल्याच गाण्याच्या अंतऱ्यात वरचा पंचम (‘प’) लागेना. चार गायिकांचे चेहरे मला अजून दिसतात. मान किंचित वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या आणि सूर तरीही खालीच. काळी चारच्या पट्टीत, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी ‘सा’ मानून, मधला षड्ज म्हणताना स्वररज्जू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकींवर आदळतात आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ४१५ वेळा. तीन तासांच्या आदळआपटीनंतर त्यांना सूज येणारच. त्या दिवसापासून बसमध्ये गाणे बंद आणि बोलणे हळू, तेही शेजाऱ्याशीच. नवी चाल ऐकायची असेल तर इअरफोन आहेत.

दुसरे कारण कोरडी हवा. वातानुकूलित बसमध्ये पाच-सहा तास बसल्यावर घसा सुकतो, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहावे. लघवीसाठी बस थांबवावी लागते या संकोचाने अनेक जण, विशेषतः मुली, पाणीच पीत नाहीत. त्यामुळे आम्ही दर दोन तासांनी थांबतोच. वाफ घ्यावी. ती श्वासावाटे खरोखर स्वररज्जूंपर्यंत पोहोचते. साध्या पाण्याची पुरे, त्यात काहीही घालू नये.

तिसरे कारण जेवणाची वेळ. कार्यक्रमानंतर रात्री साडेअकराला तिखट जेवून लगेच आडवे झाले की पोटातील आम्ल वर येते आणि सकाळी घसा जळजळतो. आपण नाशिककर, मिसळीवर आपला जीव. परंतु कार्यक्रमाच्या दिवशी झणझणीत रस्सा नको. आम्ही रात्री मुगाची खिचडी किंवा दहीभात मागून घेतो आणि संयोजकांना ते आठवडाभर आधी लेखी कळवतो.

आवाज बसल्यावर कुजबुजून बोलू नये, कारण जोर लावून केलेल्या कुजबुजीनेही ताण येतो; पूर्ण मौन चांगले. गाता गाता आवाज अचानक गेला किंवा घशात दुखले तर तेथेच थांबावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तरीही दाखवावेच. आपला आवाज दर दौऱ्यात बसतो, त्यामुळे पुढच्या दौऱ्याआधी एकदा दुर्बिणीने स्वररज्जू तपासून घ्यावेत असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : स्त्री-पुरुषांच्या संचात पट्टी कशी ठरवता? आणि दौऱ्यात ती बदलता का? (एक संगीत शिक्षिका, निफाड)

उत्तर : या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला. साधारणपणे आमच्या पुरुषांची पट्टी काळी एक आणि स्त्रियांची काळी चार. हे अंतर पंचमाचे आहे, म्हणजे पुरुषांचा पंचम तोच स्त्रियांचा षड्ज आणि स्त्रियांचा मध्यम (‘म’) तोच पुरुषांचा षड्ज. काळी एकला सर्वांनी एकच चाल म्हटली तर तार सप्तकात स्त्रियांचा आवाज चिरकतो. काळी चारला म्हटली तर पुरुष एक तर किंचाळतात किंवा खर्जात हरवतात. म्हणून आम्ही बहुतेक गाण्यांत षड्ज काळी एकचाच ठेवतो आणि चालीची वाटणी करतो : मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य (मधल्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत फिरणाऱ्या ओळी स्त्रियांना, त्याहून वर झेपावणाऱ्या ओळी पुरुषांना, आणि धृवपदात दोघे एकत्र येतात तेव्हा एका बाजूने चाल आणि दुसऱ्या बाजूने तिच्याखाली किंवा वर धरलेला स्वर. मध्यम मुख्य मानून गाण्याची सवय व्हायला आमच्या मुलींना वर्ष लागले, पण आता तीच त्यांची ताकद आहे.

दौऱ्यात पट्टी बदलावी लागते, आणि ती बदलण्यात कमीपणा मानू नये. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम साडेपाचला सुरू होतो. रात्रभर आडवे राहिल्याने स्वररज्जू थोडे सुजलेले असतात आणि पहाटे आवाज खालचाच असतो. म्हणून त्या दिवशी तीन वाजता उठणे, वाफ, पाऊण तास ओंकार, आणि इतके करून पहिली तीन गाणी अर्ध्या स्वराने खाली. पट्टी सरकवता येणाऱ्या स्केल चेंजर हार्मोनियमवर हे क्षणात जमते, सिंथेसायझरवरही. बासरीवादकाला मात्र वेगळ्या पट्टीची बासरी घ्यावी लागते, त्यामुळे निर्णय आदल्या रात्रीच व्हायला हवा. कोकणात उतरलो की आणखी एक पाहुणा येतो, दमटपणा. तबल्याची पुडी, म्हणजे वरचे चामडे, ओल धरून सुरात उतरते आणि नाशिकच्या कोरड्या थंडीत मिळवून नेलेला तबला रत्नागिरीत हातोडीने पुन्हा चढवावा लागतो. तबलजींना यासाठी वेगळी वीस मिनिटे द्यावीत. त्यांना घाईत ठेवून गायकांचा साउंड चेक लांबवणारे संचालक पाहिले की मला वाईट वाटते.

प्रश्न : यावर घर चालते का? (एक वाचक, मालेगाव)

उत्तर : आमच्यातील कोणाचेही केवळ यावर चालत नाही. मानधन, प्रवास, जेवण आणि मुक्काम या चार गोष्टी तारखेसह लिहून घ्याव्यात आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी.

प्रश्न : परवा आमचा जळगावला कार्यक्रम आहे आणि माझा आवाज पूर्ण बसला आहे. संचालक म्हणतात, ‘रांग मोडायला नको, नुसती उभी राहा, ओठ हलव.’ मी काय करावे? (एक गायिका, पंचवटी)

उत्तर : आपले पत्र सर्वांत शेवटी आले, तरी त्याचे उत्तर मी आपल्याला वेगळे कळवले आहे. आपल्यासारख्या इतर गायिकांसाठी ते येथेही देते.

उभे राहू नये. नुसते ओठ हलवायचे ठरवले तरी शेजारचे अकरा जण पूर्ण आवाजात गात असताना गळा स्वस्थ बसत नाही; श्वास त्यांच्याबरोबर भरला जातो, स्वररज्जू त्यांच्याबरोबर ताणले जातात आणि आवडती ओळ आली की सूर निघतोच. शिवाय श्रोत्यांनी तिकीट काढलेले असते आणि न गाणारी व्यक्ती त्यांच्यासमोर गाण्याचा देखावा करते, हे मला पटत नाही.

हे मी वरच्या पट्टीत सांगते आहे, कारण माझ्या हातून उलटे घडले आहे. काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका गावी आमच्या एका गायिकेने दुपारी येऊन सांगितले की घसा धरला आहे. तिच्याकडे दोन गाण्यांचे मुखडे, म्हणजे सुरुवातीच्या ओळी, होत्या, दुसरे कोणी तयार नव्हते, आणि मी म्हणाले, ‘एवढी दोन काढ, मग बस.’ तिने दोन्ही गायली, चांगली गायली. दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती वहीच्या मागच्या पानावर लिहून पाणी मागत होती. त्यानंतर दोन महिने तिला गाता आले नाही. तिने मला कधीच बोल लावला नाही. परंतु ते पान मी मागून घेतले आणि ते माझ्या हार्मोनियमच्या पेटीत आहे. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मुखड्याला दुसरा आवाज तयार असतो आणि ‘आज मी गाणार नाही’ असे सांगणाऱ्याला कोणीही कारण विचारत नाही.

आपण संचाबरोबर जळगावला जरूर जावे. विंगेत बसून गाण्यांचा क्रम सांभाळावा, वेळ पाहावी, पाण्याच्या बाटल्या भराव्यात. कार्यक्रमाला अशा माणसाची गरज असतेच. संचालकांशी फोनवर बोलू नये, कारण त्यात आवाज खर्च होतो. त्यांना आजच लेखी संदेश पाठवावा आणि त्यात आपल्या वाट्याच्या ओळी, त्या कोण म्हणू शकेल हे सुचवून, एकेक करून लिहून द्याव्यात. त्या गायिकेला आपल्या आवाजातील जुने ध्वनिमुद्रण पाठवावे, म्हणजे श्वास कोठे घ्यायचा हे तिला न विचारता कळेल.