आधी झोप, मग प्रार्थना

प्रार्थना करूनही काळजीने होणारी छातीतली धडधड थांबत नाही म्हणजे आपला विश्वास कमी पडतोय, असं मनात आणू नकोस. बायबलमधल्या ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19वा अध्याय वाच. एलीया हा देवाचा संदेष्टा, पण तोही इतका खचला की मरण मागू लागला. देवदूताने उपदेश केला नाही, भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. (मला हे उमगायला बरीच वर्षं लागली.) तेव्हा रात्री थकला असशील तर लांबलचक प्रार्थनेचा हट्ट सोड, झोप. सकाळी बायबलमधलं फिलिप्पै 4:6 हे वचन सांगतं तसं एकेक काळजी नाव घेऊन देवापुढे मांड: कर्जाचा हप्ता, साहेबांची बोलणी, आईचं दुखणं. आभारही मान. तक्रार करावीशी वाटली तर बायबलमधलं स्तोत्र 13 आहेच, त्यातला पहिलाच प्रश्न ‘कोठवर?’ असा आहे. आणि छातीवरचं दडपण हटतच नसेल तर डॉक्टरांकडे जा, त्यात कसला अविश्वास!