एमपी४ फाइल डिस्कवर कॉपी केल्या, तरी डीव्हीडी प्लेअर त्या वाचत नाही. काय करावे?

आपल्या एमपी४ आणि एमकेव्ही फाइल डिस्कवर घेतल्यावर संगणकावर चालतात, टीव्हीला जोडलेला प्लेअर मात्र त्या ओळखत नाही, असे आपण लिहिले आहे. प्लेअर बिघडलेला असण्याची शक्यता कमी आहे. आपण तयार केली ती डेटा डिस्क, म्हणजे नुसत्या फाइली साठवणारी, आणि साध्या प्लेअरला हवी असते ती डीव्हीडी-व्हिडिओ. तिच्यातील चित्र सहसा एमपेग-२ या पद्धतीने साठवलेले असते, आवाज सहसा एसी-३ प्रकारचा आणि ४८ किलोहर्ट्झचा असतो, आणि हे सारे 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी फाइलींच्या ठरावीक रचनेत बसवावे लागते. त्यामुळे फाइलचे नाव किंवा एक्स्टेन्शन बदलून काहीही साधत नाही.

म्हणजे आधी रूपांतर, मग डिस्कची रचना (हिला ऑथरिंग म्हणतात) आणि शेवटी बर्निंग (डिस्कवर लिहिणे) अशी ही तीन वेगवेगळी कामे आहेत. डीव्हीडी स्टाइलर हे मोफत सॉफ्टवेअर तिन्ही कामे एकाच ठिकाणी करते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते, आणि नवख्या माणसाला मी तेच सुचवतो. फाइल खिडकीत ओढून आणायच्या, मेनू हवा असल्यास मांडायचा आणि बर्न करायचे, इतके ते सोपे आहे. पण डिस्क चांगली निघेल की नाही हे त्याआधीच्या दोन निर्णयांवर ठरते, आणि घाईत नेमके तेच राहून जातात.

पहिला निर्णय बिटरेटचा, म्हणजे चित्रणाच्या प्रत्येक सेकंदाला किती बिट द्यायचे याचा. एकपदरी डिस्कवर ४.७ अब्ज बाइट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट मावतात (विंडोज हीच जागा सुमारे ४.३८ जीबी दाखवते, त्याने गोंधळून जाऊ नये). चित्रण दोन तासांचे असेल तर ७,२०० सेकंदांनी भागल्यावर सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट हाती येतात. त्यातून आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्रासाठी ४.८ च्या आसपास उरतात, आणि तेवढ्यात चित्र समाधानकारक दिसते. तासाभराच्या चित्रणाला हिशेबाने याहून दुप्पट मिळू शकतात, पण नियमाप्रमाणे चित्राची कमाल मर्यादा ९.८ मेगाबिट आहे आणि काही प्लेअर मर्यादेच्या जवळ अडखळतात, म्हणून मी आठच्या वर जात नाही. चार तासांचे चित्रण एका डिस्कवर कोंबण्याचा मोह मात्र टाळावा: पाणी, पानांची सळसळ, गर्दी अशा हलत्या दृश्यांत चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात, आणि दोन डिस्क वापरणे केव्हाही बरे. आपली मूळ फाइल याहून लहान असूनही एवढी जागा लागते, कारण त्याच दर्जासाठी एमपेग-२ ला एमपी४ फाइलींत सहसा असणाऱ्या एच.२६४ या नव्या पद्धतीपेक्षा बरेच जास्त बिट लागतात.

दुसरा निर्णय पाल की एनटीएससी हा; ही टीव्हीच्या चित्राची दोन प्रमाणे आहेत. पालमध्ये चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससीमध्ये ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. बरेच जण आपल्या देशात चालते ते प्रमाण डोळे मिटून निवडतात. परंतु मोबाइलवर ३० फ्रेमने घेतलेले चित्रण पालमध्ये उतरवले की फ्रेम गाळाव्या लागतात आणि कॅमेरा आडवा फिरताना दृश्य धक्के खात सरकते. आपला प्लेअर आणि टीव्ही दोन्ही प्रमाणे स्वीकारत असतील, आणि पुष्कळसे स्वीकारतात, तर अशा चित्रणाला एनटीएससीच निवडा. मोबाइलच्या फाइलींत फ्रेमचा वेग मधूनमधून बदलतोही. आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडू लागला, तर हँडब्रेक या रूपांतराच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'स्थिर फ्रेमरेट' निवडून फाइल आधी नव्याने तयार करावी. रुंद चित्रासाठी १६:९ हे प्रमाण न विसरता नोंदवा, नाहीतर माणसे उभट दिसतात.

थेट डिस्कवर न लिहिता आधी आयएसओ प्रतिमा (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) तयार करून ती संगणकावरील व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडावी. मेनू, आवाज आणि शेवटची काही मिनिटे तिथेच तपासता येतात आणि डिस्क वाया जात नाही. बर्निंगचा वेग मध्यम, ४ एक्स किंवा ८ एक्स ठेवावा आणि डिस्क फायनलाइज झाल्याची, म्हणजे लेखन पूर्ण करून ती बंद केल्याची, खात्री करावी, कारण त्याशिवाय पुष्कळ प्लेअर ती उघडतच नाहीत. मूळ फाइल मात्र पुसू नका: एमपेग-२ मध्ये उतरवताना गेलेला तपशील परत मिळवता येत नाही, आणि घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंगथर ऊन व दमटपणाने खराब होतो.