आधी दिवस, मग ताट

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अनुवादातल्या गोव्याच्या प्रकरणात ३ डिसेंबरच्या इंग्रजी 'फीस्ट'चं तू 'सेंट झेवियर यांची मेजवानी' केलं आहेस, आणि पुढे ईस्टरची 'फिरती मेजवानी' झाली आहे. कोशात मेजवानीच दिलंय, मग वाचताना खटकतं का, असं विचारतेस. खटकतं, कारण तू ताटापासून सुरुवात केलीस. या शब्दात आधी दिवस असतो, मग ताट.

लॅटिन 'फेस्टा' म्हणजे सणसोहळा. तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये पुढे त्यातला 'स' गळाला आणि 'फेत' झालं, स्पॅनिशमध्ये 'फिएस्ता', पोर्तुगीजमध्ये 'फेस्ता'. आणि गोव्यात? फेस्त! जुन्या गोव्यात नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे सणाआधीची प्रार्थना, चालते आणि दहाव्या दिवशी सायबाचं, म्हणजे याच झेवियर यांचं, फेस्त असतं. शब्द तुझ्या उंबऱ्यावर उभा होता गं, आणि तू कोश चाळत बसलीस.

ईस्टरचंही तेच. नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान सरकतो. सरकतो तो दिवस. आपले सण तिथीने सरकतात, हे तुला कुणी शिकवावं लागलं का? आपला 'सण'सुद्धा संस्कृत 'क्षण'वरून आला, म्हणजे वेळेवरून. पुरणपोळी नंतरची.

बँक्वेटला मात्र खुशाल मेजवानी म्हण. तो शब्द बसायच्या छोट्या बाकावरून आला आणि मेजवानी फारसीतल्या यजमानपणावरून. दोन्हींत दिवस नाही.

तुझ्यावर चिडायचा हक्क मला आहे, कारण ही चूक मी आधी केली. माझ्या पहिल्या पुस्तकात एका संताच्या 'फीस्ट डे'चा मी 'जेवणावळीचा दिवस' केला होता. म्हापशाहून एका वृद्ध वाचकाचं पोस्टकार्ड आलं: त्या दिवशी आम्ही आधी चर्चला जातो. एवढंच. दुसरी आवृत्ती निघाली नाही, चूक तशीच छापलेली राहिली. कपाटात ते पुस्तक दिसलं की मी आजही नजर वळवते.

त्यानंतर मी एकेका शब्दावर दोन-दोन दिवस घालवले. एका प्रकाशकाने त्यापायी काम देणं थांबवलं. पैशांची ओढाताण झाली, घरी बोलणी खाल्ली. तरी मी चुकले असं मला वाटत नाही. घाईने दिलेली पानं कुणाच्या आठवणीत राहिली असती?

एक जागा तुला छान साधली आहे. 'डोळ्यांची मेजवानी' खोडून तू 'डोळ्यांचं पारणं फिटलं' लिहिलंस. का लिहिलंस, ते तुला कळलंय का? पारण्याआधी उपास असतो. तिथेही आधी दिवस, मग ताट! हात बरोबर चालला होता, तू त्याच्यावर भरवसा ठेवला नाहीस.

गोव्याचं हे सातवं प्रकरण पुन्हा लिहून पाठव. चार दिवस जास्त लागतील, असं संपादकांना मी आजच फोनवर सांगते.

तुझी,
मावशी