ठेव पिकेपर्यंत व्हॉल्व्ह थांबेल का?

नमस्कार ताई,

तुम्ही आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बाकी वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचे यजमान ५२ वर्षांचे, इलेक्ट्रिकल कामांची स्वतःची कंत्राटं घेतात. त्यांचा महाधमनीचा (हृदयातून शरीरभर रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) व्हॉल्व्ह जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्यांचा आहे आणि आता कॅल्शियम साचून आकसलाय. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, व्हॉल्व्हचं तोंड ०.८ चौरस सेंटिमीटर, सरासरी ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ४८, आणि व्हॉल्व्हच्या वरची महाधमनी फुगून ४.७ सेंटिमीटर झालेली. जिना चढताना धाप लागायला लागलीय. सर्जनने व्हॉल्व्ह आणि महाधमनीचा फुगलेला भाग एकाच वेळी बदलायला सांगितलंय. निम्मा खर्च पॉलिसी उचलेल. उरलेल्या निम्म्यासाठी जी मुदत ठेव आहे ती सात महिन्यांनी पिकते. तुमचे प्रश्न तीन: तोवर थांबावं का, फक्त व्हॉल्व्ह बदलून एस्टिमेट खाली आणावं का, आणि व्हॉल्व्ह धातूचा घ्यावा की जैविक.

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तोंड १ चौरस सेंटिमीटरच्या खाली आणि ग्रेडियंट ४० च्या वर, म्हणजे आजार गंभीर टप्प्यात. त्यावर धाप. धाप, छातीत दुखणं, चक्कर यांपैकी काहीही सुरू झाल्यावर व्हॉल्व्ह बदलला नाही, तर साधारण निम्मे रुग्ण दोन वर्षांत जातात. हृदयरोगतज्ज्ञांना हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. सात महिने हा त्या दोन वर्षांतला बराच मोठा तुकडा झाला. आणि अशा रुग्णाला अवस्था बिघडल्यावर घाईघाईत टेबलावर घ्यावं लागलं, तर धोकाही वाढतो आणि आयसीयूचे दिवसही. म्हणजे थांबून वाचवलेलं व्याज तिथेच खर्ची पडायचं.

मुळात ठेव मोडायची गरजच नाही. त्याच ठेवीवर बँकेकडून कर्ज घ्या. पूर्ण रकमेवर मिळत नाही, पण मोठ्या हिश्श्यावर मिळतं. दर ठेवीच्या व्याजापेक्षा थोडासाच जास्त असतो. हा फरक २ टक्के धरला तर सात महिन्यांचा जादा भार उचललेल्या रकमेच्या सव्वा टक्क्याच्याही आत बसतो. ठेव पिकली की कर्ज फिटलं. तुम्ही विचारलेलं वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डाचे हप्ते यांच्या वाटेला जाऊ नका. घर तारण ठेवायचा विचार तर मनातूनच काढा. ज्या घरात महिना-दोन महिने कमाई बंद राहणार, तिथे नवा हप्ता म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

कमाईचा मुद्दा तुमच्या हिशेबात राहून गेलाय. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. जड उचलायचं काम तीन महिने तरी नाही. तुमच्याकडे पगारी रजा नाही, कामगारांची मजुरी मात्र चालूच राहणार. तेव्हा तीन महिन्यांचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च एस्टिमेटच्या बाहेर वेगळा काढा. एस्टिमेटवरही पाचवा हिस्सा जादा धरा. का ते सांगतो. तुमच्या कागदावर व्हॉल्व्ह आणि 'असेंडिंग एओर्टा', म्हणजे महाधमनीचा वर जाणारा भाग, एवढंच लिहिलंय. महाधमनीचा मुळाकडचा भागही बदलावा लागला, तर बेंटॉल पद्धतीचं ऑपरेशन होतं. त्यात व्हॉल्व्हसकट कृत्रिम नळी बसवतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या त्या नळीला पुन्हा जोडतात. काम लांबतं, बिलही वाढतं. ही शक्यता किती, हे सर्जनना आत्ताच विचारा. पॉलिसीवाल्यांकडूनही लेखी घ्या की इम्प्लांटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि नळी दोन्हींना, काही मर्यादा आहे का. निम्मा खर्च मिळेल हे तुम्ही फोनवरच्या बोलण्यावरून धरलंय, त्यावर मी विसंबणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही नाहीच, आणि इथे तुम्ही वाचवायला जाता आहात तिथेच तोटा आहे. एरवी महाधमनी ५.५ सेंटिमीटरपर्यंत फुगेस्तोवर सहसा तिच्यावर नजर ठेवतात. पण व्हॉल्व्हसाठी छाती उघडायचीच असेल, तर ४.५ च्या वर गेलेला भाग त्याच वेळी बदलावा, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. यजमानांची ४.७ आहे. आज ती तशीच ठेवली आणि पाच-सात वर्षांनी पुन्हा छाती उघडावी लागली, तर जुन्या ऑपरेशनच्या चिकटलेल्या पेशींतून वाट काढावी लागते. धोका जास्त, खर्च पूर्ण दुसऱ्या ऑपरेशनचा. त्यातून महाधमनीचा थर मध्येच फाटला, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला मृत्यूचा धोका १ ते २ टक्क्यांनी चढत जातो. एवढ्या जोखमीपुढे एस्टिमेटमधल्या त्या एका ओळीची बचत काहीच नाही.

मांडीतून नळी घालून, छाती न उघडता व्हॉल्व्ह बसवण्याबद्दलही विचारलंत. फ्रान्समध्ये आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा हे केलं आणि आज वयस्कर रुग्णांसाठी ते वरदान आहे. पण त्यातून फुगलेली महाधमनी बदलता येत नाही. शिवाय या पद्धतीच्या मुख्य चाचण्यांत दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हचे रुग्ण बहुतेक वगळलेले होते. ते तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता तरी.

आता धातूचा की जैविक. पैशाचा खरा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५० च्या खाली धातूचा, ६५ च्या वर जैविक, मधल्या वयात रुग्णाशी बोलून. युरोपात सीमारेषा थोडी वर आहे, ६० च्या खाली धातूकडे कल. ५२ हे वय नेमकं अडनिडं.

धातूचा व्हॉल्व्ह झिजत नाही, पण रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी जन्मभर लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, सांभाळावा लागतो. सुरुवातीला वारंवार, मग बस्तान बसलं की महिन्याला एक तपासणी. 'पुढे तपासणी न लागणारी नवी गोळी येईलच' हे गृहीत धरू नका. डॅबिगॅट्रान ही तशीच एक गोळी धातूच्या व्हॉल्व्हवर तपासून पाहिली, गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, चाचणी थांबवावी लागली. २०२२ मध्ये अपिक्सबान या दुसऱ्या गोळीची चाचणीही गुठळ्या वाढल्याने थांबवावी लागली.

जैविक व्हॉल्व्हला ही कटकट नाही. तो मात्र १० ते १५ वर्षांत झिजतो, आणि वय जितकं कमी तितका लवकर. म्हणजे साठीनंतर एकदा पुन्हा.

हिशेब करून पाहू. दुसऱ्या वेळेचा खर्च आजच्या भावात १०० धरा. वैद्यकीय खर्च वर्षाला ९ टक्क्यांनी वाढतो असं गृहीत धरलं, तर १२ वर्षांनी तो २८१ होतो. तुमच्या गुंतवणुकीने १० टक्के दिले, तर त्यासाठी आजच ९० बाजूला काढायला हवेत. लांबची तारीख असल्याने फारसं स्वस्त पडत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उलट बाजूला, तुम्ही चौकशी करून काढलेला गोळी-तपासणीचा खर्च वर्षाला त्याच शंभरातले २ येतो. तीस वर्षं धरली आणि दरवाढीने परतावा खाल्ला, तरी आजच्या भावात ६० च्या आत. कागदावर धातूचा जिंकतो. पण दुसऱ्या ऑपरेशनचा काही भार पॉलिसी उचलेल, आणि धातूच्या बाजूला एखाद्या रक्तस्रावाचं इस्पितळाचं बिल येऊ शकतं. एवढ्या अंतरावर पैशाने निर्णय घ्यायचा नाही.

निर्णय मी शिडीवर सोडेन. तुम्ही लिहिलंय की ते अजून स्वतः शिडीवर चढतात आणि पुढची दहा वर्षं तरी सोडणार नाहीत. रक्त पातळ असताना उंचावरून पडून डोक्याला मार लागणं ही वेगळीच गोष्ट आहे. ते खरंच चढणार असतील, तर माझा कौल जैविककडे, सोबत दुसऱ्या ऑपरेशनची वेगळी गुंतवणूक. पहिली आठ वर्षं शेअर बाजारातले फंड, मग हळूहळू सुरक्षित ठेवीत. माणसं ठेवून खाली उभं राहून काम करून घेणार असतील, तर धातूचा. शेवटचा शब्द अर्थातच सर्जनचा आणि त्यांचा स्वतःचा.

जैविक ठरला तर सर्जनना एक नक्की विचारा: किती मापाचा बसेल? पुढे झिजलेल्या व्हॉल्व्हच्या आत नळीतून नवा बसवता येतो, पण पहिला लहान मापाचा असेल तर आतला आणखी अरुंद होतो. मग पुन्हा छाती उघडणं आलं, आणि ९० चा तो आकडा वर सरकला.

किरकोळ खर्चात दातांची तपासणी धरा. ऑपरेशनआधी किडलेले दात काढून घेतात, कारण तोंडातल्या जंतूंनी नव्या व्हॉल्व्हला संसर्ग झाला तर ते फार महागात पडतं. नंतरही दातांच्या मोठ्या कामाआधी अँटिबायोटिक घ्यावं लागेल.

आणि दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह घराण्यात उतरू शकतो. मुलीचा आणि दिरांचा एकेक इको करून घ्या. मुलीची पॉलिसी अजून काढली नाही असं लिहिलंय. ती आता काढाल तेव्हा फॉर्मवर वडिलांच्या आजाराचा प्रश्न असेल तर खरं लिहा, पण पॉलिसीसाठी इको लांबवू नका.